साताऱ्यात कातकरी रुग्णांसाठी उतरायची जागा करतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात आमच्या आजीचं जुनं घर रिकामं आहे. पाच खोल्या, पुढे ओटी, मागे परसू आणि आड. सिव्हिलला येणाऱ्या कातकरी रुग्णांच्या माणसांना ते उतरायला द्यायचं आम्ही भावंडांनी ठरवलंय. बामणोली-तापोळ्याकडची माणसं आधी लाँचने, मग एसटीने येतात. उशीर झाला की परत जायची सोय नसते.

मागच्या फाल्गुनात वीटभट्टीवर भाजलेली एक पोर दवाखान्यात होती. सोबत आईबाप, आजी, दोन चुलते, तीन पोरं. आत एकालाच थांबू देतात, म्हणून बाकीच्यांना मी लॉजवर खोली घेऊन दिली. सकाळी जाऊन बघते तर सगळे बाहेर फुटपाथवर. आजी म्हणाली, "दार लावलं का जीव गुदमरतो बाई. आन् चूल कुठं हाय?" तिसऱ्या दिवशी पोरीला उचलून सगळे निघून गेले, ड्रेसिंग अर्धवट टाकून. ते मनातून जात नाही.

दिवाळीनंतर गवंडी येणार आहे. भाऊ म्हणतो टाइल्स, पलंग, कमोड घालू. मला ओटी मोकळीच ठेवायची आहे, आठ-दहा जण एकत्र झोपतील अशी, आणि परसात दोन चुली. धूर घरात न येता चुलीवर छप्पर कसं घालावं? क्षयाचा रुग्ण असेल तर त्याला वेगळं न पाडता हवा खेळती कशी ठेवावी? सुक्या मासळीच्या वासावरून शेजारी कुरकुरतील, त्यांच्याशी कसं बोलावं? मासळी बंद करायची नाही, एवढं नक्की.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शोधग्रामचा दवाखाना गोंड लोकांना विचारून, झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. नातेवाईकही तिथे राहतात. कुणी पाहून आलंय का? अर्थात गोंडांचं ते कातकऱ्यांना जसंच्या तसं लागू पडेल असं मी धरून चाललेले नाही.

प्रतिसाद : ताई, मी कॅनडात, ओटावात असतो. इथे पार उत्तरेकडच्या नुनावुत भागातून विमानाने येणाऱ्या इनुइट आदिवासी रुग्णांसाठी लार्गा बॅफिन नावाचं घर आहे. त्यांच्या सवयीचं अन्न आणि त्यांची भाषा बोलणारी माणसं, दोन्ही तिथे मिळतं. चुलीचं गवंडी बघेल. पण तुमच्या घरात रात्री दार उघडायला कातकरी बोलणारं कोण असणार?

धागाकर्ती : दादा, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. वस्तीवरच्या एखाद्या बाईला पगारावर ठेवता येईल, भावाशी बोलते. आणि नकाशा कागदावर दाखवून उपयोग नाही. गवंडी यायच्या आधी त्या भाजलेल्या पोरीच्या आजीलाच घरी आणते. चूल कुठे हवी ते ती उभी राहून दाखवेल. चुलीच्या छपराचं मात्र कुणीतरी सांगा.