मदत हवी आहे: सभासद माल आणेनासे झालेत, वार्षिक सभेत काय आणि किती सांगू?

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी तीन वर्षांपासून मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. ४१२ सभासद, अकरा गावं, मुख्य पीक सोयाबीन. मी स्वतः सभासद नाही. कायद्यानेच होता येत नाही, या पदावर सभासदांबाहेरचाच माणूस नेमावा लागतो. म्हणजे मी पगारी आणि मालक ते ४१२ जण. हे मालक आता कंपनीच्या दारात यायला तयार नाहीत. गोष्ट लांबलचक आहे, पण पूर्ण वाचून मगच सल्ला द्या ही विनंती.

२०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. हमीभाव केंद्रावर नोंदणी, मेसेजची वाट, बारदाना नाही म्हणून थांबलेली मापं हे सगळं तुम्हाला माहीत आहेच. आम्ही ठरवलं की थेट तेल गिरणीला माल द्यायचा. सौदा ४,२५० ने झाला. अट नेहमीची: १० ची हवा (म्हणजे दाण्यात १० टक्के ओलावा), २ टक्के माती, २ टक्के डागी दाणे. ११८ सभासदांनी माल आणला, सुमारे १,४०० क्विंटल. आमच्या गोदामात चाळणी मारून, हवा मोजायचा मीटर लावून सात गाड्या भरल्या.

आमच्या मीटरवर हवा १० ते साडेदहा दाखवत होती. गिरणीच्या काट्यावर प्रत्येक गाडीला बारा ते तेरा लागली. तिथे गाडी एकदा रांगेत लागली की परत आणणं परवडत नाही. प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो असा हिशेब करून त्यांनी सरासरी अडीच टक्के कापले. म्हणजे ३५ क्विंटल, १,४८,७५० रुपये. पैसे आठ दिवसांत मिळणार होते. वसुबारसेच्या आधी खात्यावर जमा होतील असं मी गावोगावी स्वतः तोंडाने सांगितलं होतं. आले नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. दिवाळी तशीच गेली लोकांची.

आणि मग आमची खरी चूक. संचालक मंडळाने ठरवलं की कपात सभासदांवर टाकायची. पट्टीवर, म्हणजे सभासदाला मिळणाऱ्या मालाच्या हिशेबाच्या कागदावर, एक ओळ छापली: 'कडता २.५%'. बाकी एक अक्षर नाही. १२ क्विंटलवाल्याचे १,२७५ रुपये गेले आणि ते का गेले हे त्याला कुणी सांगितलं नाही. एक काकू पट्टी घेऊन ऑफिसात आल्या होत्या. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय लिहिलंय बाई?" मी म्हटलं, गिरणीने कापले. त्या म्हणाल्या, "गिरणी तुमच्या वळखीची, आमच्या नाही." आणि पट्टी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवून निघून गेल्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणणारे सभासद होते फक्त ३१.

आता ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे. गणसंख्या एक चतुर्थांश, म्हणजे १०३ माणसं. तेवढी येतील की नाही हीच शंका आहे. अध्यक्ष आण्णा माणूस सरळ आहेत, पण त्यांचं म्हणणं, "जुनं उकरू नका मॅडम. गिरणी नाराज झाली तर यंदा माल कुठं घालायचा?" एका संचालकांच्या मुलाने याच वर्षी अडतीचं (शेतमालाच्या दलालीचं) लायसन काढलंय, त्यामुळे भाव ठरवायच्या बैठकीत सगळेच गप्प बसतात. केंद्र सरकारच्या दहा हजार उत्पादक कंपन्या उभारायच्या योजनेतून तीन वर्षं मिळणारा व्यवस्थापन खर्च संपलाय, म्हणजे माझा पगारही आता धंद्यातूनच निघायला हवा. बँक खेळत्या भांडवलाला उलाढाल विचारते, आणि सभासदांनी माल आणला तरच उलाढाल.

तर प्रश्न असा आहे. गेल्या वर्षीचा पूर्ण हिशेब सभेत मांडायचा का? गिरणीशी संबंध न तुटता त्यांना मीटरबद्दल जाब कसा विचारायचा? मी एक कडक पत्र लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही. आणि त्या संचालकांशी कसं वागायचं? मला ही कंपनी बंद पडलेली बघायची नाहीये. अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

तिफण

ताई, मी नाशिककडे एका उत्पादक कंपनीत सहा वर्षं संचालक होतो. आमचा माल कांदा, तुमच्याइतका हवेचा घोळ नाही, पण दुखणं तेच.

सभेत मांडायचा का, असं विचारताय. सभेत पहिल्यांदा मांडू नका. अकरा गावं आहेत ना, मग सभेआधी अकरा बैठका घ्या, संध्याकाळी, पारावर किंवा देवळात. पंधरा-वीस माणसं असली की माणूस मनातलं बोलतो. शंभर लोकांत एकच जण उभा राहून ओरडतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघत बसतात. गावात ऐकून घेतलेलं असलं की सभेत लोक भांडायला येत नाहीत, ठरवायला येतात.

आण्णांना सोबत न्या. तुम्ही एकट्या गेलात तर 'मॅडमनी माफी मागितली' होईल. माफी कंपनीने मागायला हवी.

काळी माती

मी कंपनीवाला नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या अशाच एका कंपनीचा सभासद आहे, हजार रुपये भरून. आणि माल अडत्यालाच घालतो. का ते सांगतो, राग मानू नका.

जूनमध्ये बियाणं-खताला हात रिकामा असतो तेव्हा उचल देतो अडत्या. व्याज लावतो, माहीत आहे मला. पण रात्री फोन केला तर उचलतो. वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी घरी येऊन बसला होता. कडता तोही कापतो, कदाचित तुमच्यापेक्षा जास्त. पण माझ्यासमोर कापतो. मूठ भरून माल हातात घेतो, दाताखाली दाणा फोडतो, म्हणतो हवा आहे, दोन किलो धर. मी म्हणतो दीड. तिथंच मिटतं.

कंपनीचा फोन मला तीन वर्षांत तीनदा आला. एकदा शेअरच्या फॉर्मवर सही, एकदा आधार कार्ड, एकदा पाहुणे बघायला येणार म्हणून सतरंजीवर बसायला. माल कधी, किती, कशाच्या भावाने विकला हे सांगायला एकदाही नाही. मालक म्हणायचं आणि निरोपही द्यायचा नाही, मग माणूस का येईल?

तुमच्या काकूंचं बरोबर आहे. गिरणी त्यांच्या ओळखीची नाही. तुम्ही ओळखीच्या होता.

हिशेबनीस

मी कंपनी सेक्रेटरी आहे, चार-पाच उत्पादक कंपन्यांचं काम बघतो. भावनेचं वरच्या दोघांनी लिहिलंय, मी कायद्यात तुमच्या कामाचं काय आहे तेवढं सांगतो.

उत्पादक कंपन्यांची तरतूद २००३ साली कंपनी कायद्यात आली, आता ती २०१३ च्या कायद्यात प्रकरण २१-अ मध्ये आहे. त्यात सभासदाला मालाची पूर्ण किंमत लगेच देणं बंधनकारक नाही. मंडळ ठरवेल तेवढी सुरुवातीला द्यायची, उरलेली राखून ठेवायची आणि नंतर रोख, वस्तूरूपात किंवा शेअर देऊन चुकती करायची. तुम्ही गेल्या वर्षी पूर्ण भाव कबूल केलात आणि नंतर कापलात. त्याऐवजी माल घेतानाच सांगा की आत्ता नव्वद टक्के, गिरणीचा हिशेब आला की उरलेले, गिरणीची पावती सोबत जोडून. रक्कम तीच राहते, पण कापून घेतलं असं वाटत नाही. वर्षअखेरीला नफा उरला तर कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात सहभाग बोनस देता येतो. ज्याने माल आणला त्याला जास्त, नुसता शेअर घेतलेल्याला नाही. पोटनियमात सोय असेल तर मतदानाचा हक्कही सक्रिय सभासदांपुरता ठेवता येतो, पण विश्वास उडालेल्या वर्षी ते हत्यार काढू नका.

संचालकांबद्दल: कंपनीच्या धंद्याशी ज्याचा हितसंबंध आडवा येतो त्याला सभासद राहता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. इथे लायसन मुलाचं आहे. मुलाच्या दुकानात त्यांची भागीदारी आहे का हे आधी कागदावर बघा. नसेल, तर त्यांना मंडळाच्या बैठकीत स्वतः सांगू द्या, इतिवृत्तात नोंद घ्या आणि भाव ठरवायच्या विषयाला त्यांनी बाहेर बसावं असा ठराव करा. मागे कुजबुज करू नका. गावात ते तुमच्या आधीही होते आणि नंतरही असणार आहेत.

पैशांच्या घाईबद्दल एक. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना सभासदांना समजावून सांगा. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, १८० दिवस मुदत. दिवाळीची गरज त्यातून भागली तर तुम्हालाही गिरणीपुढे घाई करावी लागणार नाही.

घाणा

एका तेल गिरणीच्या खरेदी विभागात काम केलंय (तुमची गिरणी नव्हे), म्हणून पलीकडची बाजू लिहितो. हंगामात दिवसाला पन्नास-साठ गाड्या येतात. नमुना काढणारा पोरगा बंबीने (पोत्यातून दाणे काढायच्या पोकळ सळईने) पाच-सहा पोत्यांत टोचतो आणि पुढच्या गाडीकडे जातो. मीटर आमचाही चुकतो. पण आधी तुमचा मीटर तपासून घ्या. तीन वर्षांत त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो का याची तपासणी, झालंय का? सात गाड्यांना सातही वेळा साधारण तेवढाच फरक आलाय, याचा अर्थ दोन मीटरपैकी एक सरळसरळ सरकलेला आहे. हात मारला असता तर फरक एकसारखा आला नसता.

हवेचा हिशेबही सभासदांना मांडून दाखवा. १३ च्या हवेच्या शंभर किलोत कोरडा दाणा ८७ किलो. तोच माल १० वर वाळला की वजन ९६.७ किलो होतं. म्हणजे सव्वातीन किलो पाणीच होतं. गिरणी तीन किलो कापते तेव्हा ती पाण्याचे पैसे देत नाही एवढंच. हे समजलं की कपातीचा राग निम्मा होतो.

गिरणीला पत्र लिहायचंच तर जुन्याचं नको, पुढच्या हंगामाचं लिहा. कपातीचा तक्ता सौद्याआधी लेखी, नमुना तीन पाकिटांत सीलबंद: एक गिरणीकडे, एक तुमच्याकडे, एक वाद झाला तर तपासणीला. चांगली गिरणी याला नाही म्हणत नाही. एकगठ्ठा स्वच्छ माल देणारा तिलाही हवाच असतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस लिहू शकले नाही, कारण सांगते.

'घाणा' यांचा प्रतिसाद वाचल्यावर दुसऱ्या दिवशी आमचा मीटर घेऊन कृषी विज्ञान केंद्रात गेले. एकाच डब्यातल्या सोयाबीनचे तीन नमुने आमच्या आणि त्यांच्या, दोन्ही मीटरवर लावले, आणि तोच माल त्यांनी ओव्हनमध्ये वाळवून वजन करून पाहिला. आमचा मीटर जवळजवळ दोनने कमी दाखवतोय. गिरणीच्या अडीच टक्क्यांतले दोन टक्के बरोबर होते. त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नाही. ते कडक पत्र फाडून टाकलं.

आण्णांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चला, पहिल्या गावाला मी येतो." त्या संचालकांनी मंडळाच्या बैठकीत स्वतःहून सांगितलं की दुकानात त्यांचा पैसा नाही, आणि भावाच्या विषयाला बाहेर बसायला ते तयार आहेत. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार सोपं गेलं. इतके महिने विचारायलाच घाबरत होते.

परवा पहिली बैठक झाली, देवळात, बावीस माणसं. दोन्ही मीटर नेले होते. कृषी विज्ञान केंद्राचा दोन दिवसांसाठी मागून घेतला होता. एकाने घरातून गेल्या वर्षीचं ठेवलेलं सोयाबीन पायलीभर आणलं. आमच्या मीटरवर ९.१, केंद्राच्या मीटरवर ११. दोन्ही आकडे आण्णांनी मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "चूक आपल्या यंत्राची होती, आणि पट्टीवर न सांगता कापलं ती चूक आमची." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एका तात्यांनी विचारलं, "उरलेल्या अर्ध्या टक्क्याचं काय?" तो अर्धा टक्का कंपनीने सोसावा असं मंडळात ठरवतोय. २९,७५० रुपये होतात, म्हणजे १२ क्विंटलवाल्याला २५५. रक्कम छोटी आहे, पण सभेआधी खात्यावर जायला हवी असं मला वाटतं.

त्या काकू याच गावच्या. त्या मागे बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. निघताना मीटरजवळ आल्या, चिमूटभर दाणे त्यात स्वतः टाकून बघितले. दाणे कमी पडले म्हणून आकडाच आला नाही. मी पायलीतून आणखी काढून दिले, ११.२ आले. "मंग माझ्या १४ कट्ट्यांचं बी असंच मोजणार का, माझ्यासमोर?" असं विचारलं त्यांनी. हो म्हटलं.

अजून दहा गावं आहेत. नवीन मीटरचं कोटेशन मागवलंय, दोन घेतोय, एक गोदामात आणि एक गावोगाव फिरवायला. 'हिशेबनीस' यांना एक विचारायचं होतं: नव्वद टक्के आत्ता आणि दहा नंतर, हे पावतीवर कोणत्या शब्दांत छापू, की काकूंना कुणाला न विचारता वाचता येईल?