कॅनरी फुगून बसलाय, रात्री श्वासाला टिकटिक येतेय. काय करू?

पिवळा_पाचगणी
पाचगणी, जुलैअखेर. खोलीत दिवसा १९ अंश, आर्द्रता ९५ टक्क्यांच्या खाली उतरतच नाही. दोन वर्षांचा नर कॅनरी तीन दिवस गात नाहीये. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून, दोन्ही पाय दांडीवर टेकवून बसून असतो. प्रत्येक श्वासाला शेपूट खाली-वर होते. रात्री दिवा मालवल्यावर पिंजऱ्याजवळ कान नेला की बारीक टिकटिक ऐकू येते. वजन जूनमध्ये २१ ग्रॅम होतं, काल १९.२, आज सकाळी १८.४. विष्ठा पातळ आहे. पिसंही झडतायत, त्यामुळे आधी गाणं बंद होण्याचं काही वाटलं नव्हतं. बाकीचे चार पक्षी वेगळ्या पिंजऱ्यात, पण त्याच खोलीत आहेत. खाण्यात कॅनरी सीड, राळा, कारळे आणि थोडं जवस. मेअखेरीस एकदम १० किलो भरलंय. दुकानदार म्हणतो टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची पूड पाण्यात घाला. घालू का?

ऊब_आधी
पूड राहू द्या. २१ वरून १८.४ म्हणजे १२ टक्के वजन गेलंय, एवढ्याशा जिवाला हे फार झालं. हे वाचून होईपर्यंतच त्याला उबेत हलवा.

पिसझडीत नर गप्प होतो हे खरं, पण निरोगी पक्षी पिसं झडतानाही खातो, उड्या मारतो, झोपताना एक पाय पोटात ओढून घेतो. दोन्ही पायांवर फुगून बसलेला आणि शेपूट हलवणारा पक्षी आजारीच समजायचा. कॅनरीच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश असतं. १९ अंशांच्या खोलीत तेवढी उष्णता टिकवण्यातच त्याची सगळी ताकद खर्ची पडते.

छोटा पिंजरा घ्या, साधारण ३० बाय २५ सेंटिमीटरचा. तीन बाजू आणि वरचं छत जाड टॉवेलने झाका, समोरची बाजू मोकळी ठेवा. एका टोकाला, पिंजऱ्याच्या बाहेर, १५ ते २० सेंटिमीटरवर ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा. एलईडीचा ऊब द्यायला उपयोग नाही. प्रकाश न देता तापणारा सिरॅमिक हीटर मिळाला तर तोच घ्या, कारण रात्रभर बल्ब जळत राहिला की पक्ष्याला झोप मिळत नाही. बल्ब किंवा हीटर टॉवेलला टेकणार नाही हे दोनदा तपासा. दोन दांड्या लावा, दोन्ही तळापासून ५ सेंटिमीटरवर: एक उबेकडे, दुसरी लांबच्या टोकाला. जागा त्याची त्याला निवडता आली पाहिजे. थर्मामीटरचं टोक उबेकडच्या दांडीच्या उंचीवर बांधा, तिथे ३० अंश हवेत. चोच उघडी ठेवून पंख अंगापासून लांब धरले की जास्त झालं, बल्ब मागे सरकवा. लांबच्या दांडीवर जाऊन पिसं चापून बसला तर तापमान बरोबर आहे.

यात ओलीचा प्रश्नही सुटतो. १९ अंशांना ९५ टक्के दमट असलेली हवा ३० अंशांपर्यंत तापवली की तीच हवा जवळपास ५० टक्क्यांवर येते. म्हणून पिंजऱ्यात वाफ, ओला कपडा, निलगिरीचं तेल असलं काही नको.

वीज गेली तर एक लिटरच्या बाटलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरा, जाड कपड्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवा आणि दर दोन तासांनी बदला. कोळशाची शेगडी खोलीत आणू नका. खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरीच नेत असत, ब्रिटनमध्ये अगदी १९८६ पर्यंत. माणसाला काही जाणवायच्या आधी हा पक्षी कोसळतो. धूप, कापूर, डासांची कॉइल, नॉनस्टिक तवा रिकामा तापवणं, हे सगळं त्या घरात बंद.

दाणे आणि पाणी दोन्ही दांड्यांच्या अगदी शेजारी ठेवा, त्याला खाली उतरावं लागता कामा नये. आजारी कॅनरी एक दिवस उपाशी राहिला तरी जातो. १२ मिनिटं उकडलेलं अंडं कुस्करून पाव चमचा द्या आणि दोन तासांनी उचला, या हवेत ते लगेच आंबतं. हिरवा पाला विष्ठा घट्ट होईपर्यंत बंद.

पंखवैद्य
वरच्या सगळ्याला दुजोरा. आता त्या टिकटिकीबद्दल.

कॅनरीत हा आवाज ऐकला की आधी श्वासनलिकेतल्या माइटचा संशय घ्यायचा. स्टर्नोस्टोमा नावाचा हा काळपट जीव टाचणीच्या टोकाएवढा असतो आणि श्वासनलिकेत नि हवेच्या पिशव्यांत राहतो. गाणं बंद होणं, रात्री टिकटिक, शेपूट हलणं, चोच दांडीवर घासणं ही त्याची खूण. थंडी त्याला जन्म देत नाही. तो आधीच आत असतो, पक्षी अशक्त झाला की त्याचं फावतं. अंधाऱ्या खोलीत मानेची पिसं पाण्याच्या थेंबाने बाजूला करून मागून बारीक टॉर्च धरला तर नलिकेत काळे ठिपके दिसू शकतात. पण हे डॉक्टरांना करू द्या. धाप लागलेला पक्षी हातात धरून ठेवला तर तिथेच दगावू शकतो. आणि ठिपके दिसले नाहीत म्हणून माइट नाहीत असं होत नाही.

औषध आयव्हरमेक्टिन. सर्वसाधारण प्रमाण दर किलो वजनाला ०.२ मिलिग्रॅम. तुमचा पक्षी १८.४ ग्रॅमचा, म्हणजे त्याला ०.००४ मिलिग्रॅमही लागत नाही. गुरांसाठी मिळणारं १ टक्क्याचं इंजेक्शन घेऊन त्याचा एक थेंब मानेवर सोडला तर त्यात ०.५ मिलिग्रॅम जातं, सव्वाशे पटीहून जास्त. पावसाळ्यात कॅनरी मरतात त्यातले काही या एका थेंबाने. त्यामुळे विरळ केलेलं औषध पशुवैद्यांकडूनच, आजचं वजन सांगून घ्या. ते मानेच्या मागे उघड्या कातडीवर लावतात आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा देतात. पहिल्या डोसनंतर मेलेले माइट नलिकेत अडकून एक-दोन दिवस श्वास आणखी जड होऊ शकतो, तेव्हा ऊब अजिबात कमी करायची नाही.

टेट्रासायक्लिन माइटवर चालत नाही, बुरशीवरही नाही. शिवाय आजारी पक्षी पाणी इतकं कमी पितो की डोस पोटात जातच नाही, आणि पिंजऱ्यात समुद्रफेस टांगलेला असेल तर त्यातलं कॅल्शियम औषधाला बांधून टाकतं. डॉक्टरांनी तपासून त्या गटातलं औषध दिलंच तर तेवढे दिवस समुद्रफेस काढा.

तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय त्यातल्या त्यात जवळ. जाताना त्याच दिवसाची विष्ठा छोट्या स्वच्छ डबीत न्या. पातळ विष्ठा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींमुळेही असू शकते. प्रवासात पिंजरा झाकलेला आणि बाटलीची ऊब चालू हवी.

कारळे_राळा
मला काळजी त्या १० किलोंची आहे. एक कॅनरी दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपास खातो. पाच पक्ष्यांचं महिन्याला पाऊण किलो होतं. म्हणजे तुम्ही वर्षाहून जास्त पुरेल एवढं धान्य ऐन पावसाळ्याच्या तोंडावर भरलंत. हवा ७० टक्क्यांच्या वर दमट राहिली की दाणा ओल ओढतो आणि बुरशी धरतो. कॅनरी प्रत्येक दाणा चोचीत फिरवून टरफल काढतो, त्यामुळे बुरशीची पूड थेट नाकपुड्यांपाशी उडते. फुफ्फुसातल्या बुरशीची लक्षणं माइटसारखीच दिसतात, फक्त आयव्हरमेक्टिनचा काही फरक पडत नाही. ही शक्यता डॉक्टरांना नक्की सांगा.

गोणीत कोपरापर्यंत हात घाला. आत गार आणि चिकट लागलं, दाणे गुठळ्यांनी निघाले किंवा कुबट वास आला तर सगळं फेका. धुऊन किंवा भाजून ते सुधारत नाही, बुरशीचं विष तसंच राहतं. कारळे दोन नखांत चिरडून हुंगा, खवट वाटले तर तेही गेले. उरलेल्यातले ५० दाणे ओल्या फडक्यात ठेवा, सहा दिवसांत ४० तरी उगवले पाहिजेत. पुढे महिन्याचंच धान्य घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, वर सिलिका जेलची पुरचुंडी.

तळाला भुसा घालत असाल तर बंद करा, वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो श्वासनलिका सोलवटतो.

पिवळा_पाचगणी
मनापासून आभार. पिंजरा तयार झाला, दांडीपाशी २९.५ अंश आहेत. तासाभरात पिसं थोडी खाली आली, राळा टिपला. गोणीच्या तळाशी गुठळ्या निघाल्या, सगळी बाहेर काढली. शिरवळला उद्या सकाळी निघतोय. बाकी चौघांचं काय करू? आणि हा परत खोलीत कधी?

पंखवैद्य
चौघांचं पाणी आणि भांडी आजपासून वेगळी. माइट खोकल्यातून, पाण्यातून आणि पिल्लांना भरवताना पसरतात, म्हणून डोस सगळ्यांना एकाच वेळी द्यावा लागेल. प्रत्येकाचं वजन आज रात्रीच लिहून न्या. पापणीवर किंवा पायावर खपल्या दिसतात का तेही बघा. तसं असेल तर कॅनरीपॉक्स हा विषाणूचा आजार असू शकतो, आणि तो डासांमुळे फिरतो. खोलीच्या खिडकीला बारीक जाळी लावा.

ऊब_आधी
टिकटिक बंद होऊन पाच दिवस झाले आणि वजन २० च्या वर स्थिर राहिलं, मगच ऊब उतरवायला घ्या. रोज दोन अंशांपेक्षा जास्त नाही. मध्येच पुन्हा फुगला तर आदल्या दिवसाच्या तापमानावर परत. पिसझड संपेपर्यंत त्याला २२-२३ अंशांच्या खाली नेऊ नका, आणि पिंजरा बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत, पावसाची झड येते त्या खिडकीच्या समोरून बाजूला घ्या. वजन रोज सकाळी, दाणे घालायच्या आधी.