नाला दोन गावांचा, आराखडा मात्र ज्याचा त्याचा. पटतं का?

शिवेवरचा, यवतमाळ जिल्हा
राजेहो, एक विषय टाकतो. पटला नाही तर शिव्या घाला, पण पूर्ण वाचून घाला. आमच्या अन् शेजारच्या गावाच्या मधात नाला आहे, त्यावर रपटा (पायपांवर भराव टाकून केलेला बुटका पूल), अन् शीव बरोबर रपट्याच्या मधोमध. दोन वर्षांआधी वरच्या गावानं पोकलेन लावून नाला खोल केला, काम चांगलंच होतं, त्यांच्या विहिरींना पाणी आलं, पण निघालेली माती दोन्ही काठांवर तशीच टाकून दिली अन् पहिल्याच मोठ्या पावसात ती सारी वाहत येऊन आमच्या रपट्याच्या पायपात बसली. पाण्यानं बाजूनं वाट काढली, अर्धा भराव नेला. तेव्हापासून एसटी फाट्यावरूनच परत फिरते अन् आठवीच्या पुढच्या पोरी तीन किलोमीटर पायी जातात. दुरुस्तीचं विचारलं तर आमची पंचायत म्हणते अर्धा त्यांचा, ते म्हणतात अर्धा तुमचा. त्यात गावठाणात जागा उरली नाही म्हणून सात घरकुलांना ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गायरानावर, जागा दाखवली, ती कुठं? त्याच नाल्याच्या काठी.
'आमचं गाव आमचा विकास' म्हणत आपण पंचायतीचा आराखडा शिवेपाशी संपवतो, पाणी काही शिवेपाशी थांबत नाही. म्हणून माझं म्हणणं, एका नाल्यावरच्या दहा-बारा गावांनी मिळून घरं, रस्ते, पाणी यांचा एकच आराखडा करावा अन् तालुक्याला नियोजन शिकलेला एक माणूस त्यासाठी द्यावा.

टेलवाला
हे मिळून-मिळून आमी भोगलं हाय भाऊ. आमच्याकडे प्रादेशिक पाणीपुरवठा योजना झाली तेव्हा असंच सांगे, सारे मिळून घेऊ. टाकी कुठं? बाजाराच्या गावात. पाइप आमच्यापर्यंत येता येता चार गावं पिऊन घेतात, आमच्या नळाले हवेचा आवाज येते फक्त. थकीत बिलाच्या यादीत मात्र आमचं गाव पयलं. तुमचा आराखडा झाला का दवाखाना, गोदाम, मोठा पूल सारं मोठ्या गावात जाईन अन् आमाले भेटन नकाशावर एक टिंब. नाई पायजे.

रिटायर ओव्हरसियर
शिवेवरचा भाऊ, तुम्ही नवीन काही मागत नाही आहात. ७४ व्या घटनादुरुस्तीतलं कलम २४३ झेडडी वाचा. जिल्हा नियोजन समितीनं पंचायती अन् नगरपालिकांचे आराखडे एकत्र करायचे, अन् ते करताना जागेचं नियोजन, पाण्याची वाटणी, पर्यावरण हे सामायिक विषय धरायचे असं त्यात आहे. आपल्या राज्याचा त्यासाठीचा कायदा १९९८ चा. पण समितीच्या बैठकीची बातमी कधी वाचली का? किती निधी आला, किती खर्ची पडला, कोणाच्या मतदारसंघाला कमी भेटला. नाल्याचं नाव निघत नाही.
नकाशे नाहीत असंही नाही. नागपुरात उपग्रहावरून नकाशे करणारं सुदूर संवेदन केंद्र आहे, भूजल सर्वेक्षणवाल्यांनी राज्याचे पाणलोट (ज्या भागाचं पाणी एकाच नाल्यात-नदीत उतरते तो भाग) पाडून त्यांना नंबर देऊन ठेवलेत. तुमचं अन् वरचं गाव बहुतेक एकाच नंबरात असेल. मी नोकरीत होतो तेव्हा पंचायतींच्या भिंतीवर काय पाहिलं सांगू? कॅलेंडर.
अन् टेलवाले, खारपाणपट्ट्यात जाऊन या एकदा. अकोल्याकडे वान धरणाचं पाणी ८४ खेडी योजनेतून जाते. तिथं ज्यानं त्यानं आपापली विहीर खोदायची म्हटलं तर खारंच पाणी लागेल.

टेलवाला
खारपाणपट्ट्यात इलाज नाई म्हणून मिळून केलं साहेब. आमच्याकडे विहिरीले गोडं पाणी होतं, योजना आली अन् विहीर बुजवली.

एक पंचायत सदस्य
मी निवडून आलेली सदस्य आहे म्हणून आतलं सांगते. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी अन् स्वच्छतेलाच लावायचे. उरलेल्या ४० वर सारं गाव डोळा लावून बसलेलं असतं. त्यातले दोन लाख काढून शिवेवरच्या रपट्याला दिले तर पुढच्या निवडणुकीत मी घरी. अन् आराखडा कसा होतो? मागच्या वर्षीची फाइल उघडायची, साल बदलायचं, पोर्टलवर चढवायचं. ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे) दोन-दोन गावं, तो तरी काय करेल. एका गावाचा आराखडा धड होत नाही अन् तुम्ही बारा गावांचा मागता.
घरकुलाचं मात्र खरं आहे. आमच्याकडच्या घरकुलांना १ लाख २० हजार भेटले अन् वर रोहयोची ९० दिवसांची मजुरी. नाल्याकाठी जोतं चार फूट उचलावं लागलं की निम्मे पैसे जोत्यातच जातात, मग भिंती खिडकीपर्यंत येऊन थांबतात. आमच्याकडे अशी तीन उभी आहेत, वरून ताडपत्री.

गडचिरोलीकडचा
टेलवाले भाऊंची भीती खरी आहे. आमच्याकडे मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (गावाचा मिळून जंगलावरचा हक्क) भेटला तो ग्रामसभा आपल्या पायावर उभी होती म्हणून, वरून कोणी आराखडा पाठवला म्हणून नाही. पण पुढचंही ऐका. कोरची तालुक्यात ग्रामसभांनीच एकत्र येऊन महाग्रामसभा केली, तेंदूपत्त्याच्या लिलावात एकेक गाव ठेकेदारापुढे उभं राहण्यापेक्षा सारे मिळून बोलू म्हणून. म्हणजे मिळून करता येते, फक्त वर कोणी बसलेला नको.

शिवेवरचा
हेच तर म्हणतो ना मी! माणूस नकाशा काढायला पाहिजे, हुकूम सोडायला नाही. पैसे कुठं लागतील ते बाराही ग्रामसभा ठरवतील. वरच्या गावाला पोकलेन लावण्याआधी कोणी फक्त एवढं दाखवलं असतं की माती इथं टाकू नका, खाली रपटा आहे, तर एक रुपयाचा खर्च नव्हता त्याला.

टेलवाला
बाराही ग्रामसभा म्हणजे? बाराच्या बारा हो म्हणाल्या तवाच काम, का सात विरुद्ध पाच? सात-पाच असन तर आमी कायम पाचातच राहू, लेखी घ्या.

एक पंचायत सदस्य
याचं उत्तर द्या शिवेवरचा भाऊ. तिथंच सारं अडते.

शिवेवरचा
खरं सांगू तर याचा विचार केला नव्हता. ज्या गावातून पाणी, रस्ता जातो त्या गावाची ना असेल तर काम थांबवायचं, असं करता येईल का? मग वरचं गाव कायम ना म्हणत बसेल म्हणा.

रिटायर ओव्हरसियर
ते चालू द्या तुमचं. आधी पायपातली माती काढा, पाऊस लागायच्या आत. दोन्ही गावांतून दहा-दहा माणसं अन् एक ट्रॅक्टर, त्याला आराखडा लागत नाही.

टेलवाला
अन् काढलेली माती कुठं टाकसान?