ग्रंजने छोट्या बँडना दारं उघडली म्हणे!

तळघरातला_बेस (धागाकर्ता)

परवा फ्लॅनेलशर्ट यांनी लिहिलं की ग्रंज (म्हणजे नव्वदच्या सुरुवातीला सिॲटलमधून आलेलं ते खरखरीत रॉक) आलं आणि रॉकमधला कचरा साफ झाला, स्प्रे मारून केस उभे करणारे घरी गेले आणि मुख्य म्हणजे "गल्लीबोळातल्या छोट्या बँडना पहिल्यांदाच दारं उघडली". खाली सगळ्यांच्या टाळ्या. मी तिथेच दोन ओळी टाकणार होतो पण डोकं इतकं तापलं की म्हटलं वेगळाच धागा काढू.

कचरा कोणता नि सोनं कोणतं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण ते दारांचं साफ खोटं आहे. जानेवारी १९९२ मध्ये नर्वानाच्या नेव्हरमाइंड अल्बमने मायकल जॅक्सनच्या डेंजरसला एक नंबरवरून खाली खेचलं आणि मग मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं चेकबुकं घेऊन सिॲटलला उतरली. अंगात चौकडीचा शर्ट आणि हातात गिटार दिसली की करार. ह्याला दार उघडणं म्हणायचं तर म्हणा, पण आत गेलेल्यांचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही.

टॅड बघा. १९८९ ला नर्वानाबरोबर एकाच व्हॅनमध्ये कोंबून युरोप फिरलेला बँड. ८-वे सँटा हा अल्बम त्यांनी प्रोड्यूसर बुच विगकडे रेकॉर्ड केला, तेव्हा त्याने नेव्हरमाइंड केलेलासुद्धा नव्हता. कव्हरवर एका अनोळखी जोडप्याचा जुना सापडलेला फोटो टाकला, त्यातल्या बाईंनी कोर्टात खेचलं, कव्हर बदलावं लागलं. एका गाण्यावरून पेप्सी मागे लागली. मग मोठी कंपनी मिळाली, १९९३ ला इनहेलर आला आणि जाहिरातीच्या पोस्टरवर बिल क्लिंटनच्या हातात गांजाची सिगरेट दाखवली म्हणून कंपनीने हाकललं. पुढे अजून एका मोठ्या कंपनीने एका अल्बमवर बोळवण केली. १९९९ ला खेळ खलास.

स्क्रीमिंग ट्रीज. सिंगल्स पिक्चरच्या साउंडट्रॅकवर त्यांचं एक गाणं गाजलं, स्वीट ऑब्लिव्हियन १९९२ चा, आणि त्यानंतरचा डस्ट थेट १९९६ ला. तोवर लाट ओसरलेली. डस्ट माझ्या मते त्या अख्ख्या पिढीतला सगळ्यात चांगला अल्बम आहे आणि इथल्या निम्म्यांनी तो ऐकलेला नाही, लावा पैज.

मेलव्हिन्स, ज्यांच्या मागे मागे फिरून नर्वानाचा कर्ट कोबेन शिकला, त्यांचे अटलांटिकने तीन अल्बम काढले आणि १९९६ च्या स्टॅगनंतर नारळ दिला.

हीच ती उघडलेली दारं. बोला आता.

फ्लॅनेलशर्ट

बोलतो की. एवढं मोठं लिहिलंत, पण तुम्हाला टॅड हे नाव कुठून कळलं हो? नर्वानामुळेच ना? ९२-९३ ला केबलवर स्टारच्या एमटीव्हीवर जे लागायचं तिथून आपण सगळे सुरू झालो, उगाच जन्मल्यापासून सब पॉपच्या (सिॲटलची ती छोटी रेकॉर्ड कंपनी) सिंगल्स ऐकत असल्याचा आव नको.

आता उदाहरणं. रेनकोट्स हा लंडनचा बायकांचा बँड १९८४ ला बंद पडला होता. कर्ट त्यांची जुनी रेकॉर्ड शोधत त्यांच्यातली ॲना दा सिल्व्हा काम करत होती त्या अँटिकच्या दुकानात पोचला, नंतर नर्वानाच्या इन्सेस्टिसाइड अल्बमच्या कव्हरवर त्याबद्दल लिहिलं, आणि १९९३ ला नर्वानाच्याच कंपनीने त्यांचे जुने अल्बम परत काढले. मीट पपेट्स १९८० पासून ॲरिझोनात वाजवत होते, नोव्हेंबर १९९३ च्या एमटीव्हीवरच्या अनप्लग्ड कार्यक्रमात नर्वानाने त्यांची तीन गाणी घेतली, त्यांच्यातल्या कर्कवुड बंधूंना शेजारी बसवून. पुढच्या वर्षी त्यांचा अल्बम गोल्ड झाला. व्हॅसलिन्स स्कॉटलंडबाहेर कोणाला माहीत होते? त्या बिचाऱ्या डॅनियल जॉन्स्टन नावाच्या गायकाचा टी-शर्ट कर्टने सगळ्या जगासमोर घातला. हे दार नाही तर काय खिडकी?

तळघरातला_बेस

डॅनियल जॉन्स्टनचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. टी-शर्टमुळे कंपन्या त्याच्यामागे लागल्या, अटलांटिकने १९९४ ला एक अल्बम काढला, विकला गेला नाही, दोन वर्षांत सोडून दिलं. आजारी माणूस होता तो. आणि तुम्ही दिलेली सगळी उदाहरणं एका माणसाच्या चांगल्या आवडीची आहेत. कर्टचे कान चांगले होते ह्यावर माझं काही म्हणणं नाही. ग्रंज नावाचा जो धंदा झाला त्याबद्दल बोलतोय मी.

नूनोभक्त

तुम्ही दोघं टॅड आणि मेलव्हिन्स करत बसा. ग्रंजने खरा खून केला तो गिटार सोलोचा, त्यावर कोणी बोलत नाही.

मी अकरावीपासून एक्स्ट्रीमच्या पोर्नोग्राफिटीची कॅसेट मागे-पुढे करून त्यांचा गिटारवाला नूनो, त्याचे सोलो बसवायचो, टेप ताणून ताणून आवाज लडबडायला लागला होता. बोटांना घट्टे. कॉलेजात गेलो तोवर १९९४ उजाडलेलं आणि सगळ्यांना चार कॉर्ड आणि ओरडणं पाहिजे. ऑडिशनला मी सोलो वाजवला तर गाणारा म्हणाला "हे सर्कशीचं काम आहे". त्याला स्वतःला बार कॉर्ड धड धरता येत नव्हती! नर्वानाच्या टीन स्पिरिटचा सोलो म्हणजे काय, तर वर्सची चाल जशीच्या तशी गिटारवर. दहा मिनिटांत शिकवतो कोणालाही.

ठाण्याचा_ठोक्या

आला, आला, सोलोवाला आला. च्यायला कुठलाही धागा असो.

गौरी_एफ_शार्प

नूनोभक्त, एक तर टीन स्पिरिटचा सोलो तसा मुद्दाम केलाय, गाण्याला तेच हवं होतं. दुसरं म्हणजे ग्रंज म्हणजे फक्त नर्वाना का? पर्ल जॅमच्या अलाइव्हच्या शेवटी माइक मॅक्रेडी काय करतो मग? किसच्या एस फ्रेलीवरून उचललंय असं तो स्वतःच सांगतो, म्हणजे थेट किसचं घराणं. ॲलिस इन चेन्सच्या जेरी कँट्रेलचा मॅन इन द बॉक्स? साउंडगार्डनचा किम थायिल? (आईवडील केरळचे बरं का, आपल्याकडच्या लोकांना हे सांगायला फार आवडतं म्हणून मीही सांगून घेते.)

सोलो मेला तो कॉर्न आणि लिंप बिझकिटच्या काळात. आणि शेवटचा खिळा २००३ ला मेटालिकाने सेंट अँगरमध्ये ठोकला, अख्ख्या अल्बमात एक सोलो नाही. कर्क हॅमेटसारखा गिटारवाला बँडमध्ये असून. त्यांना काय सिॲटलने सांगितलं होतं?

नूनोभक्त

सांगितलंच होतं! ती सोलोची लाज वाटायची पद्धत आली कुठून? ग्रंजमधूनच आली. मॅक्रेडी आणि कँट्रेल हे अपवाद आहेत, चालले कारण शर्ट बरोबर घातला होता. तेच किप विंगरच्या बँडमधला रेब बीच, काय अफाट वाजवतो, पण बीव्हिस अँड बटहेडमधल्या त्या बावळट पोराच्या अंगावर विंगरचा टी-शर्ट दाखवला आणि संपलं करिअर. तुम्ही छोट्या बँडांसाठी रडताय, हेअर मेटलमधले, म्हणजे त्या केस उभे करणाऱ्यांतले, जे दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले होते ते छोटे नव्हते का? त्यांच्यासाठी नाही कोणी धागा काढत.

ठाण्याचा_ठोक्या

कारण त्यांची गाणी भंगार होती.

नूनोभक्त

तू ड्रमर आहेस, तू मधे बोलू नकोस.

ठाण्याचा_ठोक्या

ड्रमर नसता तर तुझा तीन मिनिटांचा सोलो कुठे संपतो तेही कळलं नसतं तुला. आणि प्रेक्षकांनाही.

कोष्टक_काका

भांडणं चालू द्या, पण मुळात "ग्रंजने हेअर मेटल मारलं" हेच अर्धसत्य आहे. मे १९९१ मध्ये बिलबोर्डने, म्हणजे अमेरिकेतले चार्ट काढणाऱ्या मासिकाने, साउंडस्कॅन वापरायला सुरुवात केली. त्याआधी दुकानदारांना फोन करून काय खपतंय विचारायचे आणि दुकानदार मनाला येईल ते सांगायचे. बारकोडवरून खरी विक्री मोजायला लागल्यावर कळलं की लोक कंट्री, रॅप आणि जड मेटल कितीतरी जास्त घेतायत. जून १९९१ ला स्किड रोचा अल्बम आल्या आल्या एक नंबरला. स्किड रो! हेअरवालेच ना ते? ऑगस्टमध्ये मेटालिकाचा काळा अल्बम. हे सगळं नेव्हरमाइंडच्या आधी. म्हणजे बाजार आधीच हललेला होता, ग्रंजला श्रेय आणि शिव्या दोन्ही फुकट मिळतात.

गौरी_एफ_शार्प

काका, मुद्दा चांगला आहे पण स्किड रो एक नंबरला गेले हा नूनोभक्तांच्या बाजूचा पुरावा झाला की. म्हणजे जूनमध्ये जिवंत होते आणि पुढच्या जूनपर्यंत गेले. मधे काय झालं?

कोष्टक_काका

मधे लोकांना कंटाळा आला. ८७ पासून तेच तेच चाललं होतं.

मुक्ताई९

एवढे प्रतिसाद वाचले, गिटार, केस, सोलो, आणि रेनकोट्स सोडले तर एकाही बाईचं नाव नाही. तेही कर्टच्या कौतुकात आलेलं. छोट्या बँडचं बोलायचं ना? मग सेव्हन इयर बिच हा बायकांचा बँड घ्या. गिट्स घ्या. गिट्सची गायिका मिया झापाटा जुलै १९९३ मध्ये सिॲटलच्या रस्त्यावर रात्री घरी जाताना मारली गेली, दुसरा अल्बम चालू असताना. पोलिसांना काही सापडेना तेव्हा तिथल्या बँडनी शो करून तपासासाठी पैसे जमवले, नर्वानानेही वाजवलं त्यात. खुनी सापडला दहा वर्षांनी, डीएनएवरून. तिच्या मैत्रिणींनी बायकांना स्वसंरक्षण शिकवणारी होम अलाइव्ह ही संस्था काढली. ह्यातलं काही कुठल्या "ग्रंजचा सुवर्णकाळ" छाप लेखात येत नाही, तिथे फक्त कोणाचे केस कसे होते.

तळघरातला_बेस

मुक्ताई, मान्य. गिट्स माझ्या यादीत यायलाच हवे होते, पण त्यांना कंपन्यांनी लुटलं असं म्हणता येत नाही म्हणून मी घेतले नाहीत.

मुक्ताई९

म्हणजे तुमच्या मुद्द्यात बसले नाहीत म्हणून. ठीक.

बेलव्ह्यूकर

इकडे सिॲटलजवळ बरीच वर्षं राहतोय म्हणून लिहितो. मडहनी बँडचा मार्क आर्म, ज्याच्या टच मी आय'म सिक गाण्यावरून हे सगळं सुरू झालं असं जाणकार म्हणतात, तो सब पॉपच्या गोदामात नोकरी करतो. लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या रेकॉर्डी पॅक करणं वगैरे. सुट्ट्या घेऊन टूर करतात. तळघरवाल्यांना ही शोकांतिका वाटेल, पण मी त्यांना दोनदा लाइव्ह पाहिलंय, इतकी मजा करणारी साठीची माणसं मी आमच्या ऑफिसात एक बघितली नाहीत. मोठ्या कंपनीकडे तीन अल्बम केले, १९९८ नंतर सुटले, परत सब पॉपकडे आले, अजून अल्बम काढतात. मेलव्हिन्सही अजून जोरात चालू आहेत. म्हणजे नारळ मिळाला म्हणून सगळेच काही संपले नाहीत.

बाकी इथल्या छोट्या बँडचा खरा शत्रू तेव्हा नगरपालिका होती. १९८५ चा टीन डान्सचा नियम, अठराखालच्या पोरांसाठी कार्यक्रम करायचा तर इतका विमा आणि इतके पहारेकरी की कोणाला परवडेना. तो थेट २००२ ला गेला. म्हणजे जगभर सिॲटलचा डंका वाजत होता आणि सिॲटलच्या पोरांना आपल्याच गावातले बँड धड बघता येत नव्हते. आणि आत्ताचा शत्रू म्हणजे घरभाडं, त्याला आमच्यासारखे आयटीवाले जबाबदार, त्यामुळे मी गप्प बसतो.

ठाण्याचा_ठोक्या

बेलव्ह्यूकर, ते विमानतळावर सब पॉपचं दुकान आहे म्हणतात ते खरं का? बंडखोरीचे फ्रिज मॅग्नेट?

बेलव्ह्यूकर

आहे. मी दर वेळी पुतण्यासाठी "लूझर" लिहिलेला टी-शर्ट घेतो. वहिनींना आवडत नाही.

फ्लॅनेलशर्ट

बघा, बेलव्ह्यूकरांनीच उत्तर दिलं. मडहनी तीस वर्षं टिकले ते सब पॉप टिकली म्हणून, आणि सब पॉप टिकली ते गेफन या मोठ्या कंपनीने नर्वानाला सोडवून नेताना पैसे आणि पुढच्या विक्रीत वाटा दिला म्हणून. त्याआधी कंपनीला फोनचं बिल भरायची मारामार होती. एका बँडच्या जिवावर अख्खं गाव जगलं.

तळघरातला_बेस

आणि त्याच सब पॉपने १९९५ ला ४९ टक्के वॉर्नरला विकले, तेही सांगा ना. रेकॉर्डिंग करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीचा १९९३ चा लेख वाचा. एका काल्पनिक बँडचा पै-पैचा हिशेब आहे, अडीच लाख प्रती विकून प्रत्येक मेंबरच्या हातात चार हजार डॉलर आणि काही सुटे. मॅनेजर, वकील, प्रोड्यूसर, सगळे पोट भरून उठतात. त्याच माणसाने त्याच वर्षी नर्वानाचा इन यूटेरो रेकॉर्ड केला आणि रॉयल्टी न घेता ठरलेली मजुरी घेतली. बोलला तसं वागला. तुमच्या दारातून आत जाताना किती भाडं होतं ते त्या लेखात आहे.

नूनोभक्त

इन यूटेरोमध्येही सोलो नाहीत.

गौरी_एफ_शार्प

अरे देवा. हार्ट शेप्ड बॉक्समध्ये आहे. ऐका आधी.

नूनोभक्त

त्याला तुम्ही सोलो म्हणत असाल तर माझा नमस्कार. आमच्या सोसायटीच्या गणपतीत बेंजोवाला त्याच्यापेक्षा जास्त सुर लावतो.

गौरी_एफ_शार्प

बेंजोवाल्याचा अपमान करू नका, तो निदान दुसऱ्यांचंही ऐकतो. तुमचं दुखणं मला कळलंय, कॉलेजच्या त्या गाणाऱ्या पोराचा राग तुम्ही तीस वर्षं कर्ट कोबेनवर काढताय.

नूनोभक्त

बरोबर. आणि अजून वीस वर्षं काढणार.

संपादक_मंडळ

सोलोची चर्चा कृपया वेगळ्या धाग्यावर. तीन प्रतिसाद उडवले आहेत, ठोक्या आणि नूनोभक्त, एकमेकांच्या घरच्यांवर जाऊ नका.

कोष्टक_काका

पोस्ट-ग्रंजवर, म्हणजे नंतर आलेल्या नकलाकारांवर, कोणीच बोललं नाही. क्रीड, निकेलबॅक. छोट्या बँडचं सगळ्यात जास्त नुकसान ह्यांनी केलं. कंपन्यांना कळलं की खऱ्या सिॲटलवाल्यांची कटकट कशाला, तोच घोगरा आवाज काढणारा कुठलाही गुळगुळीत माणूस चालतो. १९९६ च्या कायद्याने अमेरिकेत एका कंपनीला वाटेल तितकी रेडिओ स्टेशनं घेता यायला लागली, मग काय, सगळीकडे तीच गाणी. स्क्रीमिंग ट्रीजचा डस्ट त्याच वर्षीचा ना? कोण लावणार होतं तो.

तळघरातला_बेस

काका, शंभर टक्के. हे मीच लिहायला हवं होतं.

फ्लॅनेलशर्ट

म्हणजे आता दोष सरकारचा आणि निकेलबॅकचा, ग्रंज सुटलं. चला, एवढं तरी पदरात पडलं.

तळघरातला_बेस

सुटलं नाही, जामिनावर आहे. डस्ट ऐकलात का तुम्ही?

फ्लॅनेलशर्ट

काल रात्री ऐकला, इनहेलरही ऐकला. डस्ट चांगला आहे, सगळ्यात चांगला वगैरे अजिबात नाही. इनहेलरचे ड्रम भारी. टॅडला लोकांनी डोक्यावर का घेतलं नाही ह्याचं कारण मात्र मला पहिल्या दोन गाण्यांतच कळलं, त्यासाठी रेकॉर्ड कंपनीची गरज नव्हती.

तळघरातला_बेस

८-वे सँटा ऐका, मग बोला. जुनं कव्हर असलेला मिळाला तर मला कळवा, वाटेल ते पैसे देईन.