लाइव्ह रॉक शोला चेंगरलेले, हरवलेले, बहिरे होऊन परतलेले कोण कोण आहेत इथे?

फर्मागुढीकर
चवथीची म्हणजे गणपतीची साफसफाई चालूय. काल स्टुलावर चढून पंखा पुसत होतो, बायकोने खालून काळं फडकं दिलं. दोन पाती झाली आणि तिसऱ्याला फडक्यातून एक डोळा माझ्याकडे बघायला लागला. एडीचा डोळा, आयर्न मेडन बँडच्या त्या भुताचा! माझा मेडनचा टीशर्ट!! बायको म्हणते, गळ्याकडे टरकलेलाच होता म्हणून घेतला. अगं पण तो टरकला कसा ते विचारलंस का कधी.

तर 17 मार्च 2007, शनिवार, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स. मेडनचा शो. मी गोव्यात, फर्मागुढीला इंजिनिअरिंगला. घरी सांगितलं धारवाडला मित्राच्या बहिणीचं लग्न आहे, आईने आहेराचं पाकीट पण दिलं 101 रुपयांचं. रात्रीची बस, अनमोड घाटात तीनदा ओकलो, दुसऱ्या दिवशी उन्हात रांगेत उभे, आणि गेट उघडल्यावर रांग म्हणून जे काही होतं ते संपलं. परिक्रमा बँड आणि मेडनच्या बासवाल्या स्टीव्ह हॅरिसची पोरगी लॉरेन वाजवून गेले तोवर ठीक होतं. मेडन आले आणि मागून लाट आली. म्हणजे खरंच लाट, मिरामारला पायाखालची वाळू सरकते ना तसं, फक्त इथे पायाखाली वाळूच नव्हती, पाय जमिनीला लागतच नव्हते. छातीतला श्वास बाहेर गेला तो परत येईना. त्यात डावा बूट गेला आणि मी गाढवासारखा तो शोधायला वाकलो. वाकलो तो गेलोच खाली. कोणाची तरी जीन्स, कोणाचा तरी गुडघा, वर काळोख. मग मागून कोणीतरी गळ्याला धरून टीशर्टासकट मला वर खेचला, टर्रर्र आवाज मला त्या गोंगाटातही ऐकू आला. दोन पोरं होती, कन्नडमध्ये शिव्या घालत होती, एकाने पाण्याची अख्खी बाटली माझ्या डोक्यावर ओतली आणि दुसऱ्याने माझ्या खांद्यावर हात टाकला तो शेवटपर्यंत काढला नाही. फिअर ऑफ द डार्कला सगळं मैदान शब्द सोडा, गिटारची धूनसुद्धा गात होतं. त्या दोघांची नावं पण विचारली नाहीत मी. एका बुटावर मॅजेस्टिकला, म्हणजे बस स्टँडला आलो, हवाई चप्पल घेतली आणि घरी.

तुमचे सांगा.

काजूबी
आधी 101 रुपयांचा हिशोब द्या

उरॉक_एप्रिल
पुढच्या वर्षी 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबईला बघितले मी त्यांना. त्या टूरला मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवायचा, गाणारा माणूस परवानावाला पायलट आहे हे घरी सांगितलं तर आजोबा म्हणाले, कुठल्या स्टँडवर असतो?

काजूबी
मेलेेे. म्हापसा स्टँड, पिवळं मडगार्ड. बिगर गोंयकारांना जोक कळणार नाही, आमच्याकडे पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला बाबांनो

शुक्रवारचा_बाजार
बंगळूर मुंबई सोडा, आमच्या वाट्याला गावचे बीट शो, म्हणजे बँडचे कार्यक्रम. चर्चच्या फेस्ताच्या वेळी फुटबॉलच्या मैदानात स्टेज, मी बारावीत, सोबत भावाला लावून दिलेलं राखण म्हणून. पुढे बसायला खुर्च्या आणि त्या खुर्च्यांवरूनच मारामारी सुरू झाली दोन वाड्यांची. एक खुर्ची माझ्या डोक्यावरून उडत गेली, प्लास्टिकची होती म्हणून बरं. बँडवाले थांबले का? छे. बास गिटारवाला एका हाताने मायक्रोफोनचा स्टँड सावरत होता नि ड्रमर तर आणखी जोरात. मी स्टेजखाली जाऊन बसले, तिथे जनरेटरच्या वायरी आणि एक कुत्रा. राखणदार भाऊ मारामारीत पहिल्या रांगेत!! त्याचे दोन टाके पडले आणि आईने मलाच बोल लावला. आता तोच भाऊ पंचायतीकडे आवाजाच्या तक्रारी घेऊन जातो.

तिसऱ्या_मजल्यावरून
फर्मागुढीकर, पंख्याला फडकं वापरूच नका, उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवायचा आणि ओढायचा, सगळी धूळ अभ्र्याच्या आत. बेडवर काही सांडत नाही

फर्मागुढीकर
अहो मी काय सांगतोय, तुम्ही काय सांगताय

तिसऱ्या_मजल्यावरून
टीशर्ट वाचला असता ना पण

कानाची_दोतोर
ओपीडी संपवून टाइप करतेय, चुका असतील. कॉलेजला असताना 2007 ला कांदोळीला पहिल्या सनबर्न डान्स म्युझिक फेस्टिव्हलला गेले होते, स्पीकरच्या भिंतीला टेकून नाचलो मैत्रिणी. रात्री झोपताना कानात कुकरची शिट्टी, दोन दिवस. तेव्हा गंमत वाटली, आता पेशंट तीच गोष्ट सांगतात तेव्हा पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा उतरतं पण दर वेळी आतल्या बारीक पेशी थोड्या मरू शकतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. फार्मसीत फोमचे इअरप्लग मिळतात, घाला, गाणं तरी ऐकू येतंच. आणि गर्दीत अडकलात तर हात छातीसमोर ठेवा, बॉक्सरसारखे, फासळ्यांना फुगायला जागा मिळते. रेट्याला उलटं ढकलू नका, रेटा थांबला की तिरकं तिरकं कडेला सरका. आणि काहीही पडलं तरी वाकू नका. बूट गेला तर गेला.

फर्मागुढीकर
दोतोर हे मला 2007 ला सांगायला हवं होतं

डबल_बास
सनबर्न रॉक नव्हे. धाग्याचं शीर्षक वाचा.

कानाची_दोतोर
कानाला तो फरक कळत नाही बाबा

वास्कोचा_काका
आम्ही रॉक वगैरे ऐकत नाही. दामोदराच्या सप्ताहाला वास्कोत जी गर्दी असते त्यात एकदा मुलीचा हात सुटला, पाच मिनिटं. त्यानंतर पाच वर्षं मी तिला खांद्यावरून उतरवलं नाही. शिगम्यात पण तेच, ओस्सय ओस्सय ओरडत लोक अंगावर येतात ते छान वाटतं, पण गल्ली अरुंद असली की मी दुकानाच्या पायरीवर चढतो आधी. शिरगावच्या जत्रेत 2025 ला जी चेंगराचेंगरी झाली त्यानंतर तर बायको निघतानाच विचारते, बाहेर पडायची वाट कुठे ते बघितलंत का. लहान पोरांना नेणाऱ्यांनी चिठ्ठीवर फोन नंबर लिहून खिशात घालावा एवढंच.

शुक्रवारचा_बाजार
काका खरं आहे हो. शिरगावात आमच्या शेजारचे होते, वाचले ते, पण अजून बाजारात गर्दी झाली की बाहेर येतात.

ड्युटीवर_दिल्ली
28 ऑक्टोबर 2011, गुडगाव, मेटॅलिका. मूळचा साखळीचा, तेव्हा नोकरीला तिकडे. पुढचं बॅरिकेड कोसळलं म्हणून सुरूच होईना, मग उद्या करू म्हणाले, आणि लोकांचं डोकं फिरलं, स्टेजवर चढून सामान फोडायला लागले. मी एक सूरही न ऐकता परतलो. रद्दच झाला तो शो. दोन दिवसांनी बंगळूरला मात्र वाजवले. रूममेट तिथे होता, त्याने फोन लावून ऐकवायचा प्रयत्न केला, मला फक्त खर्रर्र आणि त्याचं ओरडणं. तो कॉल 11 मिनिटं ठेवला नाही मी.

उरॉक_एप्रिल
11 मिनिटं खर्रर्र ऐकणारा माणूस म्हणजे खरा फॅन, बाकी आपण सगळे टीशर्टवाले

काजूबी
काही जणांचा टीशर्ट पण राहिला नाही

डबल_बास
आता गोव्यात रात्री दहाला स्पीकर बंद. आम्ही वागातोरला वाजवायचो तेव्हा साडेनऊपासून घड्याळाकडे बघत शेवटची तीन गाणी दामटायची, सोलो निम्मा. एकदा ड्रमरने इतकी घाई केली की गाणं आधी संपलं नि गायक मागून आला. पाळोळेला तर हेडफोन घालून नाचतात, मी एकदा हेडफोन काढून बघितलं, दोनशे माणसं आणि फक्त वाळूत पाय घासल्याचा आवाज. भूत बघितल्यासारखं झालं.

माटोळी_बघून
गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी कांगलं नि माट्टुळी ही रानफळं कुठे मिळतील, कोणाला माहीत आहे? म्हापशात संपली म्हणतात

शुक्रवारचा_बाजार
पहाटे या, सहाच्या आत. नाहीतर डिचोली.

फर्मागुढीकर
अपडेट. आईला आज सगळं सांगितलं, 18 वर्षं उलटून गेली म्हटलं आता काय. ती नारळ किसत होती, मान वर न करता म्हणाली, लग्नाला गेलेला पोरगा गळ्याला फाटलेल्या काळ्या टीशर्टात आणि नव्या हवाई चपलेत परत येतो होय रे? टीशर्ट तिनेच धुऊन माळ्यावर ठेवला होता म्हणे. आणि पाकिटाचं विचारलं.

काजूबी
मी पहिल्याच प्रतिसादात विचारलेलं

फर्मागुढीकर
चप्पल त्याच पैशातून घेतली ना. फडकं साबणात भिजत घातलंय. हॉलचा पंखा अभ्र्याने पुसला, तिसरा मजला, खरंच खाली काही पडलं नाही.