मदत हवी आहे: जानेवारीतला कोल्हा दुपारीच का फिरतो?

मंडळी, एका पेचात सापडलोय, जाणकारांनी मदत करावी.

मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघांनी एका बर्फाळ खोऱ्यात १४ कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावले. नोव्हेंबरच्या मध्यात लावले, एप्रिलमध्ये काढले. कोल्हे, ससे आणि नशीब असलं तर लिंक्स (ठिपकेदार रानमांजर), कुठे कुठे वावरतात ते बघायचं होतं. आता कार्डं उघडून बसलोय, तर जानेवारीतले सगळे कोल्हे भर दुपारी! सकाळी अकरा ते तीन. रात्रीचा एक फोटो नाही. नोव्हेंबरमध्ये मात्र त्याच जागी रात्री नऊनंतर नाहीतर पहाटे चारला. दोन दिवस मी हवेत होतो, काहीतरी नवीन सापडलं म्हणून. मग सोबतच्या मित्राने शांतपणे विचारलं, "सवय कोल्ह्याची बदलली का कॅमेऱ्याची?"

आम्ही साध्या अल्कलाइन बॅटऱ्या वापरल्या होत्या (माहितीये, शिव्या शेवटी घाला). कडाक्याच्या थंडीत त्यांच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. दिवसाच्या फोटोला वीज कमी लागते, तो निघतो. रात्री इन्फ्रारेड फ्लॅश पेटवायला एकदम मोठा करंट लागतो, तिथे व्होल्टेज कोसळून कॅमेरा बंद पडत असावा. डब्यावर ऊन आलं की स्वारी पुन्हा जागी. गंमत म्हणजे परत आल्यावर उबदार खोलीत त्याच बॅटऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीनपैकी दोन रेघा दाखवत होत्या! त्यामुळे मेल्या कधी, कळायला मार्ग नाही.

बाकी फजिती थोडक्यात. क्र. ३ ने २,१०० फोटो काढले, सगळे एकाच फांदीचे. उन्हात बर्फ घसरला की फांदी उसळायची. क्र. ९ जमिनीपासून ६० सेंमीवर बांधला होता. फ्रेमच्या तळाशी पांढरी रेघ आली, फोटोगणिक वर सरकली, शेवटी सशाच्या कानाचं टोक तेवढं उरलं. मग सात आठवडे काही नाही. त्यानंतरचा पहिला फोटो थेट ओल्या गवताचा.

प्रश्न असा, की या रात्री मोजायच्या कशा? एक कॅमेरा एक रात्र चालू राहिला की एक "ट्रॅप-रात्र" धरतात; मग कॅमेरा नुसता झाडावर होता म्हणून ती धरायची का?

प्रतिसाद – पायठसा

तर्क पटतो, पण आधी तपासून बघा. तोच कॅमेरा, त्याच बॅटऱ्या, डीप फ्रीझरमध्ये उणे १८ला रात्रभर ठेवा. सकाळी दार उघडून लगेच समोर हात हलवा, एकदा उजेडात, एकदा पूर्ण अंधारात. काय ते कळेल.

मोजणीचं म्हणाल तर, झाडावर असणं म्हणजे चालू असणं नव्हे. संशयित रात्रींपुढे शून्य लिहू नका, रकाना रिकामा सोडा. शून्याचा अर्थ "पाहिलं, प्राणी आला नाही" असा होतो; तुमच्या कॅमेऱ्याने पाहिलंच नाही. वावराच्या वेळांचा आलेख काढताना जानेवारी सरळ वगळा. पुढच्या वेळी टाइम-लॅप्स (प्राणी नसला तरी ठरल्या वेळी आपोआप फोटो) लावा, रोज दोन फोटो, दुपारी बाराला आणि रात्री बाराला. बहुतेक जण फक्त दुपारचा लावतात आणि फसतात. रात्रीच्या फोटोत फ्लॅशचीही हजेरी लागते.

प्रतिसाद – भटकं मुंगूस

बॅटरी: एकदाच वापरायच्या लिथियम एए घ्या, त्या उणे ४० पर्यंत चालतात. मात्र त्यांचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, त्यामुळे रेघांवर विश्वास नको, दिवस मोजून बदला. सोलर पॅनेल आणि लिथियम-आयनचा मोह होईल. ती बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची खराब होते.

दुसरं, सेन्सर प्राण्याचा पृष्ठभाग आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक बघतो. हिवाळी फर इतकी दाट असते की बाहेरून ती जवळपास हवेइतकीच गार, गरम काय ते तोंड नि पाय. त्यात लेन्सवर हिमकण बसले की विचारायलाच नको. म्हणून नोव्हेंबर आणि जानेवारीचे आकडे शेजारी ठेवून "कोल्हे घटले" म्हणू नका.

लिंक्स ठिपक्यांवरून ओळखून मोजणार असाल तर एकाच माणसावर सोपवू नका. २०२० मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या, म्हणजे ओळख आधीच ठाऊक असलेल्या, हिमबिबट्यांचे फोटो तज्ज्ञांना दिले होते. १२.५ टक्के वेळा वर्गीकरण चुकलं, आणि त्यामुळे संख्येचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने फुगला. एकाच प्राण्याचे दोन केले जातात, म्हणून चूक वरच्या बाजूला जाते.

आणि हो, थंडीतून कॅमेरा आणलात की घट्ट बंद पिशवीत घालूनच आत न्या, पूर्ण गरम झाल्यावर उघडा. नाहीतर आत दव धरतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. फ्रीझरचा प्रयोग केला. दिवे चालू असताना चार वेळा हात हलवला, चारही फोटो आले. दिवे घालवले: फ्लॅशचे लाल ठिपके क्षणभर लुकलुकले आणि कॅमेरा गप्प. तीनदा केलं, तीनदा तेच. दुपारच्या कोल्ह्यांचा माझा क्रांतिकारक शोध मागे घेतो.

१४ पैकी ११ कॅमेऱ्यांचा जानेवारी रिकामा केलाय. क्र. ९ चं मात्र अडलंय. सशाच्या कानाचा फोटो १९ जानेवारीचा, पण त्याआधी आठवडाभर बर्फ अर्ध्या फ्रेमवर होतं. अशा अर्धवट आंधळ्या रात्री पूर्ण धरायच्या, का १२ तारखेलाच रेघ मारायची? पायठसा, तुम्ही काय कराल?