मदत हवी आहे: जाऊ सरोगसीला ‘हो’ म्हणाली आहे, पण...

कृष्णाकाठची
नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबेल, सांभाळून घ्या.

माझं वय ३६, सांगली जिल्ह्यात राहतो. तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून पिशवी काढावी लागली. बाळ दोन दिवसांनी गेलं. त्यावर इथे लिहीत नाही. दोन्ही ओव्हरीज शाबूत आहेत, डॉक्टर म्हणतात स्त्रीबीज माझंच वापरता येईल, बाळ पोटात वाढवणारी दुसरी कुणीतरी लागेल, म्हणजे सरोगसी.

एका क्लिनिकमध्ये गेलो होतो. डॉक्टरांच्या आधी तिथल्या एका माणसाने बाजूला घेतलं. म्हणाला, बाई आम्ही देतो, कागदावर लांबची बहीण दाखवू, पॅकेज आहे. आकडा ऐकून नवरा उठलाच.

घरी हा विषय निघाला तेव्हा सासूबाई जेवता जेवता म्हणाल्या, “बाहेरची कशाला, धाकटी आहे की.” धाकटी जाऊ, वय ३३, तिला सात वर्षांचा मुलगा आहे. ती चुलीपुढे होती. मान वर न करता म्हणाली, “करेन की.” आणि तव्यावरची भाकरी करपली. तेरा वर्षांत तिची भाकरी करपलेली मी पाहिलेली नाही.

तर प्रश्न असे. कायद्यात जाऊ चालते का? तिला नक्की काय काय सोसावं लागतं? बाळ कागदोपत्री कुणाचं? आणि ती खरंच ‘हो’ म्हणतेय का, हे कसं ओळखायचं?

सदाशिव_पेठ
निकटची नातेवाईक लागते असं वाचलंय. जाऊ रक्ताची नाही, त्यामुळे बसणार नाही बहुतेक. लग्नाला पाच वर्षं झालेली असणंही लागतं.

वकीलकाका
वरचं दोन्ही जुनं आहे. २०१९ च्या विधेयकात तसं होतं. राज्यसभेच्या प्रवर समितीने ते बदलायला सांगितलं आणि कायदा झाला तेव्हा ‘स्वेच्छेने तयार असलेली स्त्री’ असे शब्द आले. इंटरनेटवर जुने लेख अजून तसेच पडून आहेत, त्यामुळे हा गोंधळ रोज दिसतो.

ताई, २५ जानेवारी २०२२ पासून सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ लागू आहे. तुमच्या बाजूने पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वयाचे हवेत, हयात मूल नसावं. (दुर्धर आजार किंवा अपंगत्व असलेलं मूल असेल तर अपवाद आहे.) जाऊबाईंच्या बाजूने: विवाहित किंवा कधीकाळी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली, वय २५ ते ३५, आणि आयुष्यात एकदाच. तिचं स्वतःचं स्त्रीबीज वापरायला सक्त मनाई. वय गर्भ तिच्या पिशवीत सोडण्याच्या दिवशीचं धरतात, म्हणजे तुमच्या हातात दोन वर्षंही नाहीत. कागदांनाच किती महिने जातात ते लक्षात घ्या.

क्रम साधारण असा. आधी जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाचे अधिकारी, सोबत स्त्रीरोग आणि बालरोगतज्ज्ञ. पिशवी काढल्याचे ऑपरेशनचे कागद आणि डिस्चार्ज कार्ड असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची ऑर्डर, की होणाऱ्या बाळाचे आईवडील तुम्ही दोघं. मग जाऊबाईंच्या नावाने ३६ महिन्यांचा विमा. तो नुसता बाळंतपणापुरता नाही, नंतरच्या गुंतागुंतीसाठीही आहे. मग तिचं शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. हे सगळं जोडून सक्षम प्राधिकरणाकडून तुमचं आणि तिचं पात्रता प्रमाणपत्र वेगवेगळं.

बाळ जन्मतः तुमचंच. दत्तक वगैरे भानगड नाही. जुळं झालं, बाळात दोष निघाला, मुलगी झाली, काहीही झालं तरी ‘नको’ म्हणता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

आणि त्या पॅकेजवाल्याकडे पुन्हा फिरकू नका. पैसे देऊन सरोगसी करवणाऱ्या जोडप्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. क्लिनिकला दहा वर्षं, दहा लाख. ‘सगळे करतात’ हे कोर्टात चालत नाही.

सदाशिव_पेठ
चूक मान्य. पण बाळ यायच्या आधीच कोर्टाची ऑर्डर हे जरा विचित्र नाही का?

वकीलकाका
२००८ ची बेबी मांजीची केस बघा. जपानी जोडपं, गुजरातमध्ये सरोगसी, बाळ जन्मायच्या आधीच नवराबायको विभक्त. बाळाची आजी जपानहून आली तरी कागद अडले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तेव्हा आणंदला परदेशी जोडप्यांची रीघ असायची, कायदा मात्र नव्हता. ते आठवलं की ऑर्डर आधी का मागतात ते कळतं. आता तीच ऑर्डर जन्मानंतर दाखल्याच्या कामी येते.

थोरली_बहीण
अगं, मी केलंय. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीसाठी. त्यामुळे कायदा राहू दे, अंगाचं सांगते.

आधी तुझं: दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजं काढतात. तुझा भाग तिथे संपतो. तिचा सुरू होतो.

पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेन या हार्मोनच्या गोळ्या, पिशवीचं अस्तर वाढावं म्हणून. मधे मधे सोनोग्राफी. मग प्रोजेस्टेरॉन, हे दुसरं हार्मोन. माझ्या डॉक्टरांनी तेलातली इंजेक्शनं दिली होती, रोज एक, कंबरेखाली. औषध घट्ट, सुई जाड. आठव्या दिवशी दोन्हीकडे गाठी झाल्या, मी पालथी झोपायचे आणि नवरा गरम पाण्याची पिशवी धरून बसायचा. काहींना गोळ्याच चालतात, तेव्हा हे आधी विचारून घ्या. गर्भ सोडणं त्यामानाने काहीच नाही. भूल नाही, फक्त लघवी धरून झोपायचं. दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी. मला पहिल्या खेपेला राहिलं नाही. बहिणीला फोन करायला माझा हात उचलेना, जणू मीच नापास. हे कुणीच आधी सांगत नाही. दुसऱ्या खेपेला राहिलं. नियमाने तीनच प्रयत्न करता येतात.

नऊ महिने नऊ महिन्यांसारखेच जातात. माझ्या मुलीला आम्ही सरळ सांगितलं, “हे मावशीचं बाळ आहे, मावशीच्या पोटात जागा नाही म्हणून माझ्याकडे.” तिने वर्गात सगळ्यांना सांगितलं. सांगू दे.

बाळ झालं, बहिणीच्या हातात दिलं. त्याचं वाईट वाटलं का? नाही. पण तिसऱ्या दिवशी दूध आलं. दूध आटवायच्या गोळ्या दिल्या होत्या तरी आलं. ब्लाऊज भिजला आणि तेव्हा मात्र मी बाथरूमचा नळ सोडून रडले. मन तयार होतं, अंगाला कुणी कळवलं नव्हतं.

आता तुझा शेवटचा प्रश्न. ‘करेन की’ म्हणजे हो नव्हे गं. सासूने, सगळ्यांपुढे, जेवणाच्या ताटावर विचारलं. त्या बाईला नाही म्हणायला जागा कुठे होती? कायद्याने पैसे बंद केले ते बरंच झालं, पण आता सगळा भार घरातल्या बायकांवर आला. पाहुणीला नाही म्हणता येतं, धाकट्या जावेला येत नाही.

तू तिला एकटीला गाठ. घरात नको.

वकीलकाका
यात भर. डॉक्टरांनी सगळे धोके तिला कळणाऱ्या भाषेत समजावून लेखी संमती घ्यायची असते. गर्भ सोडेपर्यंत ती केव्हाही माघार घेऊ शकते. नंतरही तिच्या लेखी संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही. समुपदेशकाला सांगा की तिच्याशी एकटीशी बोला, खोलीत सासूबाई नकोत, तुम्हीही नकोत.

लॅबवाली
ताई, जावेच्या आधी स्वतःची एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) करून घ्या. पिशवी काढल्यावर ओव्हरी राहिल्या तरी साठा कमी झालेला असू शकतो. बीजं पुरेशी मिळणार नसतील तर तिला विचारायच्या आधी कळलेलं बरं. तिची पहिली डिलिव्हरी नॉर्मल की सिझर, हेही महत्त्वाचं.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. थोरल्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं, तो उठून अंगणात गेला.

काल बाजाराच्या निमित्ताने जावेला घेऊन बाहेर पडले. उसाच्या रसाच्या गाड्यावर बसलो. मी म्हटलं, “तू नाही म्हणालीस तर मी घरात सांगेन की डॉक्टरच नाही म्हणाले. तुझं नाव येणार नाही.” बराच वेळ ग्लासातला बर्फ हलवत राहिली. मग म्हणाली, “ताई, मला बाळ द्यायची भीती नाही. मला पोट फाडायची भीती आहे.” तिचं पहिलं सिझर होतं. टाका पिकला होता, दीड महिना ती वाकून चालायची. तेव्हा मी याच घरात होते. मला आठवलंच नाही.

तिने विचार करायला वेळ मागितलाय. रविवारी माहेरी मिरजेला चाललीये, आठ दिवस. मी सासूबाईंना सांगितलंय की ती परत येईपर्यंत घरात हा विषय काढायचा नाही. त्या गप्प बसल्या आहेत, किती टिकतंय बघू.

एएमएचला रक्त दिलं, रिपोर्ट शनिवारी. आणखी एक विचारायचं होतं: मी खाजगी नोकरीत आहे, रजा मिळते का?

वकीलकाका
मिळते. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात आलेल्या तरतुदीप्रमाणे (ती आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे) स्वतःचं बीज असलेल्या आईला बाळ हातात आल्यापासून १२ आठवडे आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीत २०२४ पासून १८० दिवस. आस्थापनेत दहा किंवा त्याहून जास्त माणसं आहेत ना, ते तपासा.

थोरली_बहीण
रिपोर्ट आला की लिही. आणि मिरजेला तिला रोज फोन करू नकोस.

कृष्णाकाठची
नाही करणार. कालच निघताना तिने तिच्या जुन्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मात्र मला पाठवला. खाली फक्त लिहिलंय, “तुमच्या डॉक्टरांना दाखवा.”